प्रज्वलन वेटोळे (मोटारसायकल)

प्रज्वलन वेटोळे हा पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या प्रज्वलन यंत्रणेतील एक विद्युत घटक आहे. बॅटरीकडून किंवा मॅग्नेटोकडून येणारा कमी दाबाचा विद्युतप्रवाह सुमारे १५ ते २५ हजार व्होल्ट इतक्या उच्च दाबापर्यंत नेणे आणि त्या दाबाने स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी पाडणे हे त्याचे कार्य होय. व्यवहारात यास ‘इग्निशन कॉइल’, ‘एचटी कॉइल’ किंवा नुसते ‘कॉइल’ म्हणतात. भारतातील १०० ते १५० घनसेंटिमीटर क्षमतेच्या बहुसंख्य एकसिलिंडर मोटारसायकलींत ते पेट्रोलच्या टाकीखाली, सांगाड्याच्या मुख्य नळीला बोल्टने जखडलेले असते. हा भाग दुरुस्त होत नाही, तो बदलावा लागतो. त्यामुळे घरी देखभाल करणाऱ्या दुचाकीस्वारास तो काढण्याचा प्रसंग बहुधा दोनच कारणांनी येतो : बिघाडाचा संशय, किंवा सांगाड्याची अन्य दुरुस्ती करताना वाटेत येणारा अडथळा.

परिभाषा

‘वेटोळे’ हा शब्द मराठीत मुख्यतः सापाच्या बसण्याच्या रीतीसाठी रूढ आहे. एकावर एक पडलेल्या तारेच्या फेऱ्यांना तो चपखल लागू पडत असला, तरी दुरुस्तीच्या दुकानात तो कोणी उच्चारत नाही. तेथे ‘कॉइल’ हाच शब्द चालतो. कारागिरांच्या बोलीतील ‘करंट’ या शब्दाकडे मात्र विद्यार्थ्यांनी सावधपणे पाहावे. ‘प्लगला करंट येत नाही’ असे कारागीर म्हणतो, तेव्हा त्याला अभिप्रेत असते ती ठिणगी. भौतिकशास्त्रात करंट म्हणजे विद्युतधारा, जी अँपिअरमध्ये मोजतात. ठिणगी पडण्यासाठी आधी आवश्यक असतो तो विद्युतदाब, म्हणजे व्होल्ट. उच्च दाबाच्या बाजूची धारा तर अत्यल्प असते. या लेखात कॉइल व वेटोळे हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत.

रचना व कार्य

कॉइलच्या मध्यभागी लोखंडी पत्र्यांच्या थरांचा गाभा असतो. त्याभोवती जाड तांब्याच्या तारेचे काही शे फेरे गुंडाळलेले असतात, ती प्राथमिक गुंडाळी. केसासारख्या बारीक तारेच्या हजारो फेऱ्यांची दुसरी गुंडाळी म्हणजे द्वितीयक गुंडाळी. दोहोंतील फेऱ्यांचे प्रमाण साधारणतः एकास शंभर असते. हा सारा संच कठीण राळेत ओतून बंद केलेला असल्याने आत ओल शिरत नाही, आणि त्याच कारणाने तो उघडून दुरुस्तही करता येत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत प्राथमिक गुंडाळीतून काही अँपिअर धारा वाहते व गाभ्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. पॉइंट उघडताच ही धारा एकाएकी तुटते, क्षेत्र कोसळते आणि दोन्ही गुंडाळ्यांत विद्युतदाब प्रवर्तित होतो. दाब क्षेत्राच्या बदलाच्या वेगावर अवलंबून असतो. म्हणूनच ठिणगी धारा सुरू होताना पडत नाही, तुटताना पडते. त्या क्षणी प्राथमिक बाजूचा दाबही २०० ते ४०० व्होल्टपर्यंत उसळतो. बारा व्होल्टची यंत्रणा म्हणून चालू इंजिनावर कॉइलच्या बारीक तारांना बेफिकिरीने हात लावणाऱ्यांना जो झटका बसतो, त्याचे कारण हेच.

साध्या वातावरणीय दाबाच्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडण्यास सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर एवढीच असते. परंतु सिलिंडरमध्ये दाबले गेलेले मिश्रण ठिणगीस अधिक विरोध करते, म्हणून दाबाची गरजही कित्येक पटींनी वाढते. बाहेर काढलेल्या प्लगवर ठिणगी दिसते आणि तरीही इंजिन चढावर धडधडत बंद पडते, हा अनेकांना चकवणारा अनुभव यातून उलगडतो.

चार फटक्यांच्या एकसिलिंडर इंजिनात दर दोन फेऱ्यांस एकदा ठिणगी आवश्यक असते. मिनिटाला ६,००० फेरे होत असतील तर सेकंदाला ५० ठिणग्या लागतील. बहुतेक लहान मोटारसायकलींत मात्र प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते आणि त्यांतील निम्म्या निष्कासनाच्या वेळी वाया जातात. म्हणजे कॉइलला सेकंदाला शंभर वेळा काम करावे लागते, तेही इंजिनाच्या उष्णतेत आणि टाकीखालच्या कोंदट जागेत.

इतिहास

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मगुरू व अध्यापक निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये पहिले प्रवर्तन वेटोळे तयार केले. पॅरिसमध्ये उपकरणे बनवणारे हाइनरिश रुमकॉर्फ यांनी त्यात सुधारणा करून ते प्रयोगशाळांत लोकप्रिय केले. एतिएन लेन्वार यांच्या १८६० च्या वायुइंजिनात ठिणगीसाठी अशाच वेटोळ्याचा उपयोग झाला. पुढे बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो विकसित केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेली बॅटरी, पॉइंट व कॉइल यांची जुळणी १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारींत आली आणि पुढची सहा-सात दशके हीच पद्धत जगभर प्रमाण मानली गेली. भारतातील जुन्या बुलेट, राजदूत व येझदी या गाड्यांचे चालक पॉइंट घासण्यासाठी काचकागदाचा तुकडा जवळ बाळगत, तो याच पद्धतीचा वारसा.

प्रकार

पॉइंटच्या पद्धतीतील कॉइलची प्राथमिक गुंडाळी साधारण तीन ते पाच ओहम रोधाची असते. ओहमच्या नियमानुसार १२ व्होल्टला ४ ओहमने भागल्यास ३ अँपिअर धारा येते, जी तारा व पॉइंट दोन्ही सोसू शकतात.

सीडीआय पद्धतीत एक धारित्र २०० ते ४०० व्होल्टपर्यंत भारित करून तो सारा भार एका क्षणात प्राथमिक गुंडाळीत ओतला जातो. येथे कॉइल ऊर्जा साठवत नाही, केवळ दाब वाढवते. म्हणून तिचा प्राथमिक रोध एका ओहमहून कमी, कित्येकदा अर्ध्या ओहमच्या आसपास ठेवलेला असतो. अशी कॉइल चुकून पॉइंटच्या गाडीवर बसवल्यास १२ भागिले ०.५, म्हणजे २४ अँपिअर धारा वाहू पाहते आणि कॉइल, पॉइंट किंवा तारा जळतात. दोन कॉइल दिसायला सारख्या आहेत, एवढ्यावरून त्या परस्परांच्या जागी चालतील असे समजणे धोक्याचे आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे उत्सर्जन मानक लागू झाल्यानंतर इंधन अंतःक्षेपणाच्या दुचाकी सर्वत्र आल्या. त्यांत कॉइलचे नियंत्रण इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक एकक करते. पुण्याच्या बजाज ऑटोने २००३ मध्ये पल्सरमध्ये आणलेल्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग असतात. अशा गाडीवर काम करताना कोणती तार कोणत्या प्लगची, हे आधी टिपून ठेवावे लागते. काही नव्या इंजिनांत लांबट दांडीसारखी कॉइल थेट प्लगवरच बसते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

धोके

कॉइल काढताना विजेचा धक्का बसेल ही भीती सर्वसाधारण आहे. पण बंद गाडीवरील सुट्या कॉइलमध्ये साठलेली वीज नसते. चुंबकीय क्षेत्र कोसळले की तिची ऊर्जा संपते. इंजिन चालू असताना, किक मारताना किंवा स्टार्टर दाबताना मात्र धक्का बसू शकतो. एका ठिणगीची ऊर्जा साधारण ३० ते १०० मिलिज्यूल असते. निरोगी माणसाला ती सहसा प्राणघातक ठरत नाही, परंतु हात झटकन मागे जाऊन तापलेल्या सायलेन्सरवर आदळणे किंवा तोल जाऊन गाडी अंगावर येणे, असे अपघात होऊ शकतात. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने चालू प्रज्वलन यंत्रणेजवळ काम करूच नये. सीडीआय पेटीतील धारित्रात थोडा वेळ भार राहू शकतो, यास्तव गाडी बंद केल्यावर काही मिनिटे थांबून मगच तिची जोडणी सोडवावी.

याहून मोठा धोका पेट्रोलचा आहे. कॉइल टाकीखाली असल्याने टाकी उचलणे ओघाने येते आणि नळी सोडवताना थोडे तरी पेट्रोल सांडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले तरी ती पेट घेते. त्यासाठी लागणारी ऊर्जा एका मिलिज्यूलच्या पाव भागाइतकी अल्प असते, म्हणजे कॉइलची एक ठिणगी गरजेच्या शंभरपट किंवा त्याहूनही समर्थ असते. जिन्याखाली, बंद गॅरेजात, किंवा देवापुढे निरांजन तेवत असलेल्या खोलीच्या उंबऱ्याशी हे काम करू नये, असे म्हणण्यामागे हा हिशेब आहे. उघडे अंगण किंवा हवेशीर पडवी हीच योग्य जागा.

पूर्वतयारी

गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करावी. साइड स्टँडवर टाकी काढताना भार सरकतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. घाई नसल्यास रात्रभर थांबणे उत्तम. किल्ली काढून खिशात ठेवावी, जेणेकरून दुसऱ्या कोणी सहज म्हणून स्टार्टर दाबणार नाही. घरात लहान मुले असतील तर ही खबरदारी विशेष महत्त्वाची.

त्यानंतर बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडवावी. क्रम असा का, याचे कारण साधे आहे. गाडीचा सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो. धन टोकाचा बोल्ट आधी सोडवू गेल्यास आणि पाना सांगाड्याला टेकल्यास बॅटरीची सगळी धारा पान्यातून वाहते. पाना लालबुंद होतो व हात भाजतो. ऋण तार आधी निघाली की ही वाट बंद होते. जोडताना क्रम उलट, म्हणजे धन आधी व ऋण शेवटी.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. मॅग्नेटोवर चालणाऱ्या सीडीआयच्या अनेक गाड्या बॅटरीशिवायही किकवर सुरू होतात. त्यांत बॅटरीची तार काढली म्हणजे ठिणगी बंद झाली असे होत नाही. अशा गाडीत किल्ली बंद करणे म्हणजे सीडीआयची एक तार सांगाड्याशी जोडणे. किल्लीच्या स्विचची जोडणीच काढून टाकली, तर ती तार मोकळी होते आणि प्रज्वलन यंत्रणा प्रत्यक्षात चालू राहते. म्हणून कॉइल हाताळताना किकला पाय लावू नये, गाडी गिअरमध्ये पुढेमागे ढकलू नये आणि स्विचची जोडणी विनाकारण सोडवू नये.

काढण्याची पद्धत

आसन व बाजूची झाकणे काढल्यावर टाकीचा मागचा बोल्ट दिसतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत कॉक बंद करून नळीची क्लिप पकडीने सरकवावी व नळीखाली फडके धरून ती ओढावी. इंधन अंतःक्षेपणाच्या गाडीत इतके सरळ नसते. तेथे नळीत सुमारे तीन बार दाबाने पेट्रोल भरलेले असते आणि जोडणी उघडताच ते फवाऱ्यासारखे तोंडावर उडू शकते. त्यासाठी बॅटरी सोडवण्यापूर्वीच पंपाची विद्युत जोडणी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. त्यायोगे नळीतील दाब उतरतो. मग इंजिन थंड होऊ देऊन पुढचे काम करावे. टाकी निम्म्याहून कमी भरलेली असेल अशा दिवशी हे काम काढणे शहाणपणाचे. भरलेली टाकी जड असते आणि उचलताना हिंदकळते. काढलेली टाकी सावलीत, झाकण घट्ट लावून, कामाच्या जागेपासून दूर ठेवावी.

आता कॉइल समोर येते. तिच्यापासून एक जाड तार प्लगकडे गेलेली असते, तर सीडीआय वा स्विचकडून बारीक तारा आलेल्या असतात. काहीही सोडवण्यापूर्वी मोबाइलने दोन-तीन बाजूंनी छायाचित्र काढावे. पूर्वी कारागीर तारांना रंगीत दोरे बांधत. छायाचित्र सोपे असले तरी अंधाऱ्या कोपऱ्यात रंग नीट उमटत नाहीत, तेव्हा चिकटपट्टीची खूण करण्यात कमीपणा मानू नये.

प्लगची टोपी टोपीलाच धरून, डावी-उजवीकडे किंचित पिळत ओढावी. तार धरून ओढल्यास आतील तांब्याचे तंतू टोपीच्या स्क्रूपासून सुटतात. बाहेरून सारे ठीक दिसते आणि ठिणगी मात्र अधूनमधून चुकते. कॉइलच बिघडली असा निष्कर्ष काढून नवी आणणाऱ्या कित्येकांचा दोष वस्तुतः येथे असतो. टोपी तारेवर आट्यांनी बसवलेली असल्यास ती उलट्या दिशेने फिरवून निघते. टोक काळे पडले असल्यास तारेचा पाच-सहा मिलिमीटर तुकडा कापून टोपी पुन्हा चढवता येते.

बारीक तारांच्या जोडण्यांना बहुधा प्लॅस्टिकची कडी असते. ती अंगठ्याने दाबून, जोडणीचे अंग धरून सरळ रेषेत ओढावी. जुन्या प्लॅस्टिकला उन्हाने व इंजिनाच्या उष्णतेने ठिसूळपणा येतो, म्हणून स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. पुष्कळ कॉइलच्या दोन टोकांची रुंदी मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते, ज्यायोगे तारांची अदलाबदल होऊ नये. जेथे ती सारखी असते तेथे खूण नसल्यास घोटाळा अटळ.

शेवटी राहतात ते धरबोल्ट. हे प्रायः सहा मिलिमीटर व्यासाचे असतात. गंजलेले असल्यास गंज सोडवणारे तेल टाकून अर्धा तास वाट पाहावी आणि नंतर थोडे सैल, थोडे घट्ट असे करत फिरवावेत. जोर केल्यास बोल्टचे डोके तुटते आणि दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होते. बोल्टसोबत निघणारे वॉशर व नळकांडी कोणत्या बाजूला होती ते लक्षात ठेवावे. ती केवळ अंतर राखण्यासाठी नसतात. अनेक गाड्यांत कॉइलचा गाभा याच बोल्टमधून सांगाड्याशी जोडला जातो आणि विद्युतमार्ग त्यावाटे पूर्ण होतो.

प्लगवर बसणारी कॉइल

या प्रकारात जाड तार नसते. कॉइल सिलिंडरच्या डोक्यातील खोल विहिरीत उतरलेली असते आणि रबरी बाहीने तिचे तोंड बंद असते. ही बाही उष्णतेने चिकटून बसते. प्रथम विहिरीच्या तोंडाशी साचलेली माती हवेच्या झोताने किंवा कोरड्या ब्रशने काढावी, अन्यथा कॉइल निघताच ती थेट आत पडते. हवेचा झोत वापरताना डोळ्यांवर चष्मा असावा. विद्युत जोडणी सोडवून, बोल्ट असल्यास तो काढून, कॉइलचे डोके हाताने थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे फिरवावे. बाही सुटल्याचे बोटांना जाणवते. मगच सरळ वर ओढावी. तिरकी ओढल्यास दांडी मोडून खालचा भाग आत राहतो. झाकणावर स्क्रूड्रायव्हर टेकवून तरफेसारखा जोर दिल्यास कॉइलचे कवच तडकते आणि ती तडक डोळ्यांना न दिसताही पुढे पावसाळ्यात ठिणगीला वाट देते. कॉइल बाहेर आली की विहिरीवर स्वच्छ फडके ठेवावे.

तपासणी

काढलेल्या कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो. प्राथमिक बाजूचा अपेक्षित रोध वर दिला आहे. द्वितीयक बाजूचा रोध साधारण ३ ते १५ किलोओहम भरतो. रोधक असलेल्या टोपीचा रोध वेगळा, बहुधा ५ किलोओहम असतो. तो धरून मोजले की काढून, हे नोंदवले नाही तर आकडे फसवे ठरतात. अर्धा ओहम मोजताना मल्टिमीटरच्या तारांचा स्वतःचा रोधही वजा करावा लागतो. त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच शेवटी प्रमाण. काही दांडीकॉइलमध्ये डायोड असल्याने द्वितीयक रोध मोजताच येत नाही.

रोध योग्य आला म्हणजे कॉइल निर्दोष, असे मात्र नाही. राळेतील बारीक भेगा थंड असताना दिसत नाहीत आणि मल्टिमीटरच्या क्षीण दाबाला त्या जाणवतही नाहीत. वीस-पंचवीस मिनिटे चालून गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर निमूट सुरू होते, हे अशा कॉइलचे ठळक लक्षण. तेथे चांगली कॉइल तात्पुरती बसवून पाहणे हीच खात्रीची परीक्षा.

ठिणगी पाहण्यासाठी सुटा प्लग टोपीत घालून त्याचा धातू इंजिनाच्या उघड्या धातूला पक्का टेकवावा व नंतर स्टार्टर दाबावा. प्लग हातात धरू नये, आणि प्लगच्या मोकळ्या छिद्राजवळ तर मुळीच नाही. तेथून पेट्रोलमिश्रित हवा बाहेर फेकली जात असते. शक्य तर इंजिनात दुसरा प्लग बसवून छिद्र बंद ठेवावे. जाड तार मोकळी लोंबत ठेवून इंजिन फिरवणे टाळावे. बाहेर जाण्यास मार्ग न मिळाल्यास उच्च दाब कॉइलच्या आतील आवरण भेदतो, आणि कित्येकदा सीडीआय किंवा नियंत्रण एककही निकामी करतो.

पुन्हा बसवणे

सांगाड्यावरील ज्या जागी कॉइल टेकते तेथील गंज व रंग काचकागदाने घासून धातू उघडा करावा. नव्याने रंगवलेल्या गाडीला ठिणगी क्षीण येण्याचे कारण कित्येकदा हा रंगच असतो. बोल्ट आधी हाताने फिरवून आटे नीट लागल्याची खात्री करावी, मग पान्याने बेताचेच आवळावेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर पुरे होते. त्याहून अधिक आवळल्यास आटे जातात. टोपीच्या आत व दांडीकॉइलच्या बाहीवर सिलिकॉनचे विद्युतरोधी ग्रीस पातळ लावल्यास ओल शिरत नाही आणि पुढच्या वेळी कॉइल सहज निघते. साधे ग्रीस रबर फुगवते, म्हणून ते वापरू नये. जाड तार सांगाड्याच्या धारदार कडेला किंवा सिलिंडरला घासणार नाही अशी वळवावी.

टाकी व पेट्रोलची नळी बसवून गळती नसल्याची खात्री झाल्यावर, सांडलेले पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावरच बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे. कोकणात खाऱ्या हवेने आणि घाटमाथ्यावर संततधारेने तारांचे आवरण लवकर फुटते. ते तपासण्याची जुनी पद्धत अशी, की अंधारात गाडी चालू ठेवून दुरून तारेकडे पाहावे. आवरण फुटले असल्यास तारेपासून सांगाड्याकडे निळसर रेघा तडतडताना दिसतात. अशी तार हाताने हलवून पाहू नये. इंजिन बंद करून ती बदलावी, आणि तार कॉइलमध्येच राळेने बसवलेली असल्यास कॉइलसकट बदलावी.